प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात स्वतःचीच चूक सापडली, तर?

वाचकाचे पत्र :

‘मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षात आहे. आठ महिन्यांपूर्वी माझा पहिला शोधनिबंध एका नावाजलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गेल्या महिन्यात प्रबंधाचे एक प्रकरण लिहिण्यासाठी मी जुनी एक्सेल फाइल उघडली. तेव्हा लक्षात आले, की तिसऱ्या गटातील २४ नमुन्यांच्या मोजमापांचा कॉलम कधीतरी एकटाच चढत्या क्रमाने सॉर्ट झाला होता. शेजारचे नमुना क्रमांक आणि उपचाराचा कालावधी मात्र होते तिथेच राहिले. नमुने कालावधीच्या क्रमाने लावलेले असल्यामुळे ‘कालावधी वाढतो तसे प्रमाण वाढते’ असा आमचा तिसरा निष्कर्ष निघाला. मूळ नोंदींवरून जुळणी नीट करून पाहिली, तर हा संबंध उरत नाही. पहिले दोन निष्कर्ष गटांच्या सरासरीवर आधारलेले असल्याने ते टिकतात. तिसरा निष्कर्ष शीर्षकात नाही, पण सारांशात आहे. मार्गदर्शक म्हणतात, “मुख्य म्हणणे तेच राहते आहे, कोणाच्या लक्षात आलेले नाही, आधी प्रबंध सादर कर, मग पाहू.” निबंधाचे तिसरे लेखक म्हणतात, “मला यात ओढू नका.” त्यांचे नाव मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून घातले होते आणि त्यांनी डेटा कधी पाहिलेला नाही. आतापर्यंत दोन निबंधांनी आमचा संदर्भ दिला आहे, आणि त्यांतील एका गटाने पुढचा प्रयोग याच तिसऱ्या निष्कर्षावर आखल्याचे लिहिले आहे. ही लबाडी ठरेल का? मी कळवायलाच हवे का? मार्गदर्शकांची संमती नसेल, तर कसे कळवायचे? सोबत आलेख जोडला आहे. मला रात्री झोप लागत नाही.’

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना तुमची भीतीच अधिक जाणवली. दुसऱ्यांदा वाचताना दिसले, की चूक सापडल्यावर तुम्ही ती फाइल गुपचूप बंद करून टाकलेली नाही. मूळ नोंदी काढून तुम्ही जुळणी तपासली, कोणता निष्कर्ष टिकतो आणि कोणता टिकत नाही हे पाहिले, आणि मार्गदर्शकांच्या व सहलेखकांच्या कानावरही घातले. यातले अवघड काम तुमच्या हातून आधीच झालेले आहे. पुढचे कसे करावे, ते सविस्तर लिहिते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : होय, कळवायलाच हवे, आणि प्रबंध सादर होण्याची वाट न पाहता, पडताळणी पूर्ण होताच कळवायला हवे.

ही लबाडी ठरत नाही. संशोधनातील गैरवर्तनाच्या व्याख्या संस्थेगणिक थोड्याफार बदलतात, पण त्यांचा गाभा सगळीकडे सारखा आहे : नसलेला डेटा रचणे, असलेल्या डेटात फेरफार करणे आणि दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणे. प्रामाणिकपणे झालेली चूक या व्याख्यांतून वगळलेली असते. कॉलम सॉर्ट करताना शेजारचे कॉलमही सोबत घ्यायचे का, असे एक्सेल विचारते; घाईत दुसऱ्याच पर्यायावर बोट पडते, पडद्यावर आकडे नीटनेटके दिसतात आणि काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. हे कोणाच्याही हातून होऊ शकते. मात्र चूक माहीत झाल्यानंतर तोच आलेख तुम्ही प्रबंधात छापला, नोकरीच्या मुलाखतीत दाखवला किंवा पुढच्या निबंधात त्याचा आधार घेतला, तर ते जाणूनबुजून केलेले चुकीचे विधान होईल आणि त्याला प्रामाणिक चूक म्हणता येणार नाही. ‘आधी प्रबंध, मग पाहू’ या सल्ल्यातला खरा धोका हा आहे. मार्गदर्शकांनाही तो तितकाच लागू होतो, कारण आता त्यांनाही माहीत आहे.

तुम्ही पाठवलेला आलेख मी बराच वेळ पाहिला. त्यात चारही गटांचे ९६ ठिपके एकाच रंगात आहेत आणि त्यांतून वर जाणारी एक रेघ काढलेली आहे. तिसऱ्या गटाचे २४ ठिपके वेगळे करून पाहिले असते, तर ते डावीकडून उजवीकडे एकदाही खाली न येता पायऱ्यांसारखे चढताना दिसले असते. खऱ्या नमुन्यांमध्ये असे सहसा घडत नाही. कुठे तरी एखादा ठिपका मागे येतोच. पण इतर ७२ ठिपक्यांच्या गर्दीत हे लपून गेले. शिवाय आकडे तेच असल्यामुळे सरासरी बदलली नाही आणि तक्त्यातल्या बेरजाही जुळत राहिल्या. परीक्षकांना दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढे बहुतेक वेळा छापायचा मजकूर आणि आकृत्या असतात, मूळ फाइल क्वचितच असते. पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातील तज्ज्ञांकडून होणारी तपासणी, झाला म्हणजे आकडे तपासले गेले, असा अनेकांचा समज असतो, पण तो बरोबर नाही. आकड्यांची जबाबदारी लेखकांचीच असते, निबंध छापून आल्यानंतरही.

‘कोणाच्या लक्षात आलेले नाही’ हे म्हणणेही फारसे भरवशाचे नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा सार्वजनिक कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावरील निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा दाखला अनेक देशांच्या धोरणचर्चेत दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तो निष्कर्ष पुन्हा काढून पाहायचे ठरवले, तेव्हा आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ फाइल मागितली, त्यांनी ती दिली, आणि सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहून गेल्याचे त्याला दिसले. त्या निबंधाच्या पद्धतीबद्दल इतरही आक्षेप होते आणि त्यांवर पुढे बराच वाद झाला; पण ओळी राहून गेल्याचे लेखकांनीही मान्य केले. तुमची फाइल उद्या कोणी मागितली, तर ती द्यावी लागेल, आणि कॉलम एकटाच सॉर्ट झाल्याचे जाणकार माणसाला पहिल्या दहा मिनिटांत दिसेल.

तरीही पकडले जाण्याच्या भीतीने कळवा, असे मी म्हणणार नाही. त्याहून मोठे कारण दुसऱ्याच एका प्रसंगातून कळते. जेफ्री चँग हे स्क्रिप्स संशोधन संस्थेतील स्फटिकशास्त्रज्ञ. पेशींच्या आवरणातील प्रथिनांची रचना उलगडणारे त्यांचे निबंध २००१ पासून अग्रगण्य नियतकालिकांत येत होते. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तशाच एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली आणि ती चँग यांच्या रचनेशी जुळेना. शोध घेतल्यावर कळले, की चँग यांच्या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एका घरगुती प्रोग्रॅममध्ये डेटाच्या दोन कॉलमांची अदलाबदल होत होती आणि त्यामुळे रचनाच उलटी बांधली गेली होती. चँग यांनी पाच निबंध मागे घेतले, त्यांतील तीन ‘सायन्स’मधले होते. तुमच्यासारखीच कॉलमची चूक, हेतू तितकाच निर्मळ. पण मधल्या पाच वर्षांत ज्या संशोधकांचे प्रयोग त्या रचनेशी जुळत नव्हते, त्यांना आपले निबंध स्वीकारले जाताना आणि अनुदान मिळवताना अडचणी आल्या. त्यांचे काम बरोबर होते आणि तरीही त्यांनाच खुलासे द्यावे लागत होते. न दुरुस्त केलेल्या चुकीची किंमत ही अशी दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. तुमच्या तिसऱ्या निष्कर्षावर पुढचा प्रयोग आखणारा गट आज नेमका त्याच जागी उभा आहे.

चँग यांच्या प्रयोगशाळेने पुढे काम चालू ठेवले आणि २००९ मध्ये आणखी एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना त्याच ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली, हेही इथेच सांगते, कारण तुमच्या झोपेशी त्याचा संबंध आहे.

आता कामाकडे वळू. संपादकांना लिहिण्याआधी पडताळणी पक्की करा. मूळ एक्सेल फाइलला हात लावू नका. तिची प्रत करा, मूळ फाइल फक्त वाचता येईल अशी कुलूपबंद ठेवा आणि तिची तारीख नोंदवा. जुनी फाइल ‘दुरुस्त’ करून तशीच जतन केली, तर चूक कशी झाली हे दाखवणारा एकमेव पुरावा नष्ट होतो, आणि मग तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा राहते. यंत्रातून थेट निघालेल्या नोंदी आणि प्रयोगशाळेची नोंदवही यांच्यावरून २४ही नमुन्यांची जुळणी पुन्हा करा, आणि ती स्वतःपुरती ठेवू नका. तुमच्या निष्कर्षात ज्याचा काही हितसंबंध नाही, अशा एखाद्या सहकाऱ्याला नव्याने जुळणी करायला सांगा. तुमचे उत्तर आधी दाखवू नका. त्याच बैठकीत उरलेले तीन गटही तपासून घ्या. एक चूक सापडली की माणूस तिच्याभोवतीच फिरत राहतो आणि दुसरी तशीच राहून जाते. एकाच निबंधाला दोन शुद्धिपत्रे जोडण्याची वेळ आली, तर ती फार वाईट दिसते.

हे झाल्यावर मार्गदर्शकांकडे पुन्हा जा. त्यांचा ‘मग पाहू’ हा पहिला उद्गार होता. घाबरलेल्या माणसाचा पहिला उद्गार बहुधा असाच असतो, आणि तो त्यांचा अंतिम निर्णय समजू नका. जाता येता विषय काढू नका, वेळ मागून घ्या. सोबत तीन कागद न्या : जुना आलेख, नवा आलेख आणि संपादकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा. पत्र त्यांच्या नावाने जाऊ द्या, असे तुम्हीच सुचवा. पत्रव्यवहाराचे (नियतकालिकाशी संपर्क ठेवणारे) लेखक म्हणून त्यांचेच नाव छापलेले असेल, तर ते रीतसरही ठरेल, आणि मुख्य म्हणजे पुढाकार घेण्याचा मान त्यांच्याकडे जाईल. प्रतिष्ठेची काळजी वाटत असेल, तर फ्रान्सिस अर्नल्ड यांचे उदाहरण त्यांना सांगा. अर्नल्ड यांना २०१८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांच्या गटाचा निबंध जानेवारी २०२० मध्ये त्यांनी मागे घेतला, कारण प्रयोग पुन्हा करून पाहता निकाल येईनात आणि नोंदवहीत महत्त्वाच्या नोंदी आढळल्या नाहीत. त्यांनी हे स्वतः ट्विटरवर जाहीर केले, सर्वांची क्षमा मागितली, आणि निबंध पाठवला त्या काळात आपण कामात होतो, आपली जबाबदारी नीट पार पाडली नाही, असेही मोकळेपणाने लिहिले. त्यांच्याबद्दलचा आदर यामुळे कमी झाला, असे म्हणणारा कोणी मला भेटलेला नाही.

तरीही ते नाहीच म्हणाले, तर? इथे तुमची आणि त्यांची ताकद समान नाही, हे मी विसरलेले नाही. तुमचा प्रबंध त्यांच्या सहीवर अडलेला आहे आणि शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच हवे आहे. म्हणून थेट संपादकांना लिहिण्याआधी दोन गोष्टी करा. भेटीत जे बोलणे झाले ते त्याच दिवशी एका शांत, आरोप नसलेल्या ई-मेलमध्ये त्यांना लिहून कळवा : कोणती चूक आढळली, पडताळणी कोणी केली, तुम्ही काय सुचवले आणि त्यांनी काय सांगितले. त्यानंतर तुमच्या संस्थेत संशोधनातील सचोटीचे काम पाहणारे अधिकारी किंवा समिती असेल, तर त्यांच्याशी गोपनीयपणे बोला. तशी व्यवस्था नसेल, तर तुमच्या प्रगतीवर देखरेख करणाऱ्या समितीतील विश्वासाच्या एखाद्या सदस्याशी बोला. या मार्गाने गेल्यास पुढे तुमच्यावर दबाव आला, तरी तुम्ही एकट्या नसाल. संपादकांना लिहिण्याचा अधिकार मात्र कोणत्याही लेखकाला असतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा : संपादक तुमचे पत्र इतर लेखकांना दाखवून त्यांचे म्हणणे मागवतील. ते गुप्त राहील, अशा समजुतीने लिहू नका.

पत्र लहान असू द्या. मी काही वर्षे एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर होते. अशी पत्रे येत, त्यांतली बरीचशी पत्रे दोन पाने क्षमायाचना करत आणि नेमके काय चुकले ते शेवटच्या परिच्छेदात सांगत. संपादकाला पश्चात्तापापेक्षा तपशील हवा असतो. तुमच्या बाबतीत मजकूर साधारण असा होईल : ‘अमुक शीर्षकाच्या आमच्या निबंधात तिसऱ्या गटातील २४ नमुन्यांची मोजमापे सॉर्ट करताना नमुना क्रमांकांपासून विलग झाली. ही चूक प्रबंधलेखनाच्या वेळी आम्हालाच आढळली. मूळ नोंदींवरून केलेल्या आणि एका स्वतंत्र सहकाऱ्याने तपासलेल्या फेरविश्लेषणानुसार आकृती क्रमांक अमुक व तिसरा निष्कर्ष ग्राह्य राहत नाही. पहिले दोन निष्कर्ष आणि संबंधित तक्ते बदलत नाहीत. जुनी व नवी डेटा-फाइल, सुधारित आकृती आणि सारांशातील बदललेली वाक्ये सोबत जोडली आहेत. शुद्धिपत्र पुरेसे आहे की अन्य कार्यवाही हवी, याबाबत आपला निर्णय कळवावा.’ ‘आम्हालाच आढळली’ हे वाक्य गाळू नका. ती आत्मप्रौढी ठरणार नाही. वाचणाऱ्याला ती माहिती हवी असते.

पुढे काय होईल, ते संपादक ठरवतील. ब्रिटनमधील काही संपादकांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘कोप’ या प्रकाशननीती समितीच्या मार्गदर्शक सूचना आज जगभरची नियतकालिके वापरतात. त्यांचा आशय सोपा आहे. निबंध एरवी विश्वासार्ह असेल आणि त्याचा लहानसा भागच दिशाभूल करणारा असेल, तर शुद्धिपत्र द्यावे. निष्कर्षांवर विसंबता येत नाही असा स्पष्ट पुरावा असेल, तर निबंध मागे घ्यावा, मग कारण लबाडी असो वा प्रामाणिक चूक. चौकशी अपुरी असेल, तर वाचकांना सावध करणारे तात्पुरते निवेदन छापावे. निबंध मागे घेण्याचा हेतू ज्ञानाची नोंद दुरुस्त करण्याचा आहे, लेखकांना शिक्षा देण्याचा नाही, असेही तिथे म्हटलेले आहे. तुमचे दोन निष्कर्ष टिकतात, पद्धत टिकते, शीर्षक बदलावे लागत नाही. माझ्या मते सारांश, आकृती आणि चर्चेचा भाग बदलणारे विस्तृत शुद्धिपत्र इथे पुरेसे ठरावे. पण संपादकांनी निबंध मागे घेऊन सुधारित स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध करायचे ठरवले, तर घाबरून जाऊ नका. भूमध्यसागरी आहार आणि हृदयविकार यांच्या संबंधावरील स्पेनमधील मोठी चाचणी २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली होती. काही सहभागींची गटांत विभागणी खऱ्या अर्थाने यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी) नव्हती, एकाच घरातल्या माणसांना एकाच गटात घातले गेले होते, हे उघड झाल्यावर लेखकांनी २०१८ मध्ये तो निबंध मागे घेतला आणि सुधारित विश्लेषणासह त्याच नियतकालिकात पुन्हा प्रसिद्ध केला. मुख्य निष्कर्ष बऱ्याच अंशी तसाच राहिला, पण दाव्याची भाषा अधिक सावध झाली. आज तो निबंध वाचणाऱ्याला आधी काय चुकले होते आणि नंतर काय बदलले, हे दोन्ही समजते. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि ती अधिक वापरली जावी, असे मनापासून वाटते.

‘मागे घेतलेला निबंध’ या शब्दांना काळिमा लागला आहे, हे मी नाकारत नाही. मागे घेतलेल्या २,०४७ जैववैद्यकीय निबंधांची कारणे २०१२ मध्ये एका अभ्यासात तपासण्यात आली, तेव्हा ६७.४ टक्के निबंधांच्या मुळाशी गैरवर्तन आढळले. चुकीमुळे मागे घेतलेले निबंध २१.३ टक्के होते. वाचणारा आधी वाईट शंका घेतो, त्यामागे हे आहे. म्हणूनच निवेदनाचे शब्द महत्त्वाचे. काय चुकले, ते कोणाला आढळले आणि दुरुस्तीची मागणी कोणी केली, हे त्यात लिहिलेले हवे. मसुदा तुम्हाला दाखवला जाईल, तेव्हा हे तिन्ही तपासा आणि काही राहिले असेल, तर ते आग्रहाने मागा. २०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने निबंध मागे घेतल्यानंतर लेखकांच्या आधीच्या कामाला मिळणारे संदर्भ किती घटतात, हे पाहिले. संदर्भ घटल्याचे दिसले. पण जिथे लेखकांनी स्वतःहून चूक कळवली होती, तिथे अशी घट दिसली नाही. स्वतःहून सांगणारा आणि पकडला गेलेला, यांतला फरक तुमच्या क्षेत्रातली माणसे ओळखतात.

तिसऱ्या लेखकांबद्दल आता लिहिते, आणि इथे तुम्हाला थोडे न आवडणारेही लिहावे लागेल. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखक कोणाला म्हणावे, याच्या चार अटी सांगते : कामाच्या आखणीत, डेटा मिळवण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात भरीव वाटा; मजकूर लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग; अंतिम मजकुराला संमती; आणि कामाच्या प्रत्येक भागाच्या अचूकतेबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. चारही अटी पूर्ण व्हायला हव्यात. नुसते निधी मिळवणे किंवा वरवर देखरेख करणे, यासाठी आभाराच्या परिच्छेदात जागा असते. ज्यांनी डेटा पाहिलाच नाही, त्यांचे नाव त्या यादीत असायला नको होते, आणि ते घालताना तुम्ही गप्प राहिलात. नवख्या विद्यार्थिनीला तेव्हा नाही म्हणणे किती कठीण असते, हे मी जाणते. तरी ते चुकलेच. दुसरीकडे, ‘मला यात ओढू नका’ असे म्हणण्याची सोय त्या गृहस्थांनाही नाही. नाव छापून आले तेव्हाच ते यात आले. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा निबंध आला, ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला म्हणून. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला तो भाग काही दिवस थांबवला. मूळ डेटा चारपैकी एकाच लेखकाच्या कंपनीकडे होता. शंका उपस्थित झाल्यावर उरलेल्या तिघांनी स्वतंत्र तपासणीसाठी तो मागितला, त्यांना तो मिळाला नाही, आणि ४ जूनला त्यांनी निबंध मागे घेण्याची विनंती केली. आपण तो डेटा पाहिलेला नाही, हे त्यांना इतक्या उशिरा आणि साऱ्या जगासमोर सांगावे लागले.

तुमच्या सहलेखकांना दोन ओळींचे नम्र पत्र पाठवा : मसुदा जोडला आहे, अमुक तारखेपर्यंत सहमती किंवा हरकत कळवावी. उत्तर आले नाही, तर तसे संपादकांना सांगा; एका लेखकाच्या मौनामुळे दुरुस्ती अडत नाही, आणि लेखकांची सहमती नसतानाही संपादक निर्णय घेऊ शकतात. त्यांचे नाव काढून टाकण्याचा प्रश्न याच पत्रात आणू नका. प्रसिद्धीनंतर लेखकांची यादी बदलायला सर्वांची संमती आणि वेगळी चौकशी लागते, आणि दोन्ही विषय एकत्र केले, तर आकड्यांची दुरुस्ती त्या वादात अडकून पडेल. मात्र कोणी काय काम केले, असे संपादकांनी विचारले, तर त्यांच्या नावापुढे न केलेले काम लिहू नका. तो प्रश्न खोटे बोलून टाळण्यापेक्षा खरे सांगून सोडवलेला बरा, मग मार्गदर्शक नाराज झाले तरी.

प्रबंधाबद्दल थोडक्यात. त्या प्रकरणात दुरुस्त केलेले विश्लेषणच घाला आणि प्रसिद्ध निबंधात काय वेगळे होते, ते एका टिपेत स्पष्ट लिहा. मौखिक परीक्षेत हा प्रश्न येईल, तेव्हा तो २४ ठिपक्यांचा आलेख वेगळा काढून दाखवा. आपल्या डेटातील बिघाड स्वतः शोधून काढणारा विद्यार्थी परीक्षकांना रोज भेटत नाही. निबंधाची प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधी खुली केलेली) प्रत किंवा डेटा-फाइल कुठे खुल्या संग्रहात ठेवली असेल, तर तिथेही नवी आवृत्ती चढवा; जुनी काढून टाकू नका, तिच्यावर सूचना लावा.

शुद्धिपत्र प्रसिद्ध व्हायला कदाचित काही महिने लागतील. नियतकालिकांचे हे काम संथ चालते, आणि त्यात तुमचा दोष नसेल. पण ज्या गटाने तुमच्या तिसऱ्या निष्कर्षावर प्रयोग आखला आहे, त्यांना कळवायला तेवढे थांबू नका. पडताळणी झाली आणि संपादकांकडून पोच आली, की त्याच दिवशी त्यांच्या प्रमुख लेखकाला लिहा : आमच्या आकृतीतील संबंध खरा नाही, दुरुस्तीची विनंती केली आहे, दुरुस्त केलेली फाइल सोबत आहे. त्यांचे नमुने कदाचित याच आठवड्यात मोजले जात असतील.